लेआउट पाडताना: ओपन स्पेस, सुशोभीकरणाचा खर्च आणि छोटे प्लॉट यांचा मेळ कसा बसवायचा

बेसा-बेलतरोडी असो, हुडकेश्वर-नरसाळा असो की गोधनीकडची बाजू, नागपूरच्या वेशीवर लेआउट (शेतजमिनीवर घरांसाठी आखलेले प्लॉट) पडताना एकच चूक पुन्हा पुन्हा होते. आधी मोठे प्लॉट पाडले जातात, मग त्यांच्यामधून रस्ते काढले जातात आणि शेवटी जे वेडंवाकडं उरतं त्याला ‘ओपन स्पेस’ म्हणतात. म्हणजे नाल्याकडची पट्टी, हाय टेन्शन लाइनखालची जागा, नाहीतर कोपऱ्यातला त्रिकोण. तिथे बाग काही होत नाही, म्हणून भरपाई प्रवेशद्वारावर: मोठी कमान, कारंजं, रॉयल पामची रांग, हिरवंगार लॉन. हा सगळा खर्च प्लॉटच्या भावात चढतो आणि ४५ चौरस मीटरचा प्लॉट घेणाऱ्यालाही तो भरावा लागतो. दोन उन्हाळ्यांनी लॉनच्या जागी गाजरगवत उभं असतं.

शेत विकून टाकण्याऐवजी स्वतः लेआउट पाडू पाहणारे शेतकरी, छोटे बिल्डर आणि गृहनिर्माण संस्था यांच्यासाठी हे लिहितो आहे. प्लॉट घेणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही, नकाशासमोर बसून काय विचारायचं ते कळेल.

तयारी: आर्किटेक्टकडे जाण्याआधी

पहिला प्रश्न हद्दीचा. जमीन महापालिकेच्या हद्दीत आहे, नासुप्रकडे (नागपूर सुधार प्रन्यास) आहे की एनएमआरडीएकडे (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण)? एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळी कार्यालयं असू शकतात. ब्रोकरच्या तोंडी उत्तरावर जाऊ नका. मौजा आणि खसरा क्रमांक लिहून झोन दाखला (जमीन कोणत्या वापरासाठी ठरली आहे त्याचा कागद) आणि भाग नकाशा मागवा. विकास आराखड्यातला रस्ता किंवा आरक्षण तुमच्या खसऱ्यातून जात असेल तर पुढचे सगळे आकडे बदलतात, म्हणून हे आधी.

नियम कोणते, तर डिसेंबर २०२० पासून लागू असलेली एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. या लेखापुरत्या तिच्यातल्या दोनच गोष्टी धरून चाला. जमीन ०.४ हेक्टर, म्हणजे ४,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर १० टक्के जागा मनोरंजनाची मोकळी जागा म्हणून सोडावी लागते. आणि दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या महापालिकेच्या हद्दीत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या निवासी लेआउटमध्ये २० टक्के जागा ३० ते ५० चौरस मीटरच्या छोट्या प्लॉटसाठी ठेवावी लागते. हे प्लॉट आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी असतात. नागपूर महापालिका या नियमात येते. तुम्ही हद्दीबाहेर असाल तर त्या दिवशी कोणता नियम लागू आहे ते लेखी विचारून घ्या, कारण या नियमावलीत दुरुस्त्या सतत होत असतात.

त्याचबरोबर हे जमवा:

- ताजा ७/१२, फेरफार आणि भूमी अभिलेखकडची मोजणीची ‘क’ प्रत. पटवाऱ्याकडच्या जुन्या नकाशावर लेआउट आखू नका.
- चढउताराचा सर्व्हे. नागपूरकडची जमीन डोळ्याला सपाट वाटते, पण पावसाचं पाणी फसत नाही.
- प्रत्येक झाडाची यादी: जात, खोडाचा घेर, जागेवरचं ठिकाण.
- विहीर किंवा बोअर असेल तर मे महिन्यातलं पाणी. दिवाळीत मोजलेलं पाणी बागेच्या हिशोबाला निरुपयोगी.
- पोचरस्त्याचा कागद. ‘पांधण आहे ना’ एवढ्यावर भागत नाही.

जागेवर दोनदा जा, एकदा मेमध्ये भर दुपारी आणि एकदा जोराच्या पावसानंतर लगेच. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नागनदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं, तेव्हा कित्येकांना आपलं घर सखल भागात आहे हे पहिल्यांदा कळलं. तुमचा खसरा नागनदीपासून लांब असेलही, पण शेजारच्या शेतकऱ्याला एवढं विचाराच: त्या रात्री इथे पाणी कुठपर्यंत आलं होतं?

तपासणी: एका कागदावर नाला, लाइन, झाडं, विहीर, उतार आणि आराखड्यातले रस्ते दिसतायत का? प्लॉटची एकही रेघ अजून पडलेली नको.

टप्पा १: आधी ओपन स्पेस आखा

हाच टप्पा लोक शेवटी करतात. नकाशावर पहिली रंगीत पेन्सिल हिरवी असू द्या.

जागेवर चांगलं झाड असेल तर तिथून सुरुवात करा. उमरेड रोडकडच्या एका शेतात बांधावर चिंचेची तीन जुनी झाडं होती. पहिल्या नकाशात ती एका रस्त्याच्या आणि दोन प्लॉटच्या मधोमध येत होती, म्हणून ‘कापायची’ असं ठरलं होतं. आम्ही ओपन स्पेस साठ फूट सरकवली. तेवढ्याने बागेला पहिल्या दिवसापासून सावली मिळाली. अशी सावली विकत घ्यायला गेलात तर पंधरा वर्षं लागतात. शिवाय महापालिका हद्दीत झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष मानलं जातं. ते तोडायचं प्रकरण महिनोन्‌महिने चालतं.

जागा शक्यतो एकच, सलग आणि चौकोनाजवळ जाणारी ठेवा. किमान रुंदी आणि लांबी-रुंदीचं प्रमाण नियमात दिलेलं आहे, ते आर्किटेक्ट बघेल. तुम्ही एवढंच बघा की मुलांना तिथे क्रिकेट खेळता येईल का. लांबलचक पट्टीत फक्त चालता येतं, आणि पट्टी कंपाउंडला लागून असेल तर बांधकामाचा मलबा तिथेच येऊन पडतो.

तीन जागा टाळा. हाय टेन्शन लाइनखाली मोठं झाड लावता येत नाही आणि मुलांना तिथे पाठवायची कुणाची इच्छा होत नाही. नाल्यापासून सोडायचं अंतर हा वेगळा विषय आहे, ते सोडलं म्हणून ओपन स्पेस दिली असं होत नाही. आणि सगळ्यात सखल कोपरा पूर्ण बागेला देऊ नका. बागेचा एखादा भाग सखल असला तर चांगलंच, पाणी तिथे मुरवता येतं. पण सगळी बाग सखल असेल तर जुलै ते सप्टेंबर तिथे चिखल आणि डास यांशिवाय काही नसतं.

सावधान: एकदा लेआउट मंजूर होऊन प्लॉट विकले गेले की ओपन स्पेस सरकवणं तुमच्या हातात राहत नाही. रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्यानुसार मंजूर नकाशा बदलायला दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते.

टप्पा २: रस्ते, आणि मग छोटे प्लॉट

ओपन स्पेसनंतर रस्ते. ते कमीत कमी लांबीचे ठेवा, कारण रस्ता, नाली आणि पाइप यांचा प्रत्येक मीटर छोट्या प्लॉटच्या भावात येतो. रुंदी नियमाप्रमाणे, त्यात हात आखडू नका.

त्यानंतर छोटे प्लॉट. मोठे नव्हे, छोटे. इथे बहुतेक बिल्डर माझ्याशी वाद घालतात. छोटे प्लॉट मागच्या कोपऱ्यात, नाल्याजवळ, एकाच गल्लीत ढकलायचे आणि बागेसमोरची जागा ‘गार्डन फेसिंग’ म्हणून जास्त भावाने विकायची, ही रीतच पडली आहे. पण बाग नेमकी कुणाला लागते? १५०० चौरस फुटांच्या प्लॉटवाल्याकडे अंगण असतं, गच्ची असते, गाडी लावायला शेड असते. ४५ चौरस मीटरमध्ये घर बांधणाऱ्याचं अंगण म्हणजे बाहेरची जागा. कुरडया-शेवया तिथेच वाळतात, मुलं तिथेच खेळतात आणि मुलीच्या हळदीचा मंडपही तिथेच पडतो. त्याला बागेपासून सगळ्यात लांब ठेवलं तर त्याने बागेचे पैसे भरले आणि वापर दुसऱ्याने केला.

मधला मार्ग आहे. बागेच्या दोन बाजू मोठ्या प्लॉटना द्या, आणि उरलेल्या दोन बाजूंना छोट्या प्लॉटच्या गल्ल्यांची तोंडं उघडा. सगळे छोटे प्लॉट बागेसमोर यायला हवेत असं नाही. गल्ली थेट बागेत निघाली तरी पुरे.

प्लॉटचं माप ठरवतानाही एक चूक होते. नियमात ३० चौरस मीटर चालतं म्हणून सगळे प्लॉट ३०चे पाडतात. समोरची मोकळी जागा सोडली की तळमजल्यावर एक खोली, स्वयंपाकघर आणि जिना एवढंच बसतं. घेणारा पंतप्रधान आवास योजनेतून घर बांधणार असेल तर हे आणखी अडतं. २०२४ मध्ये सुरू झालेल्या शहरी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्या, वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाला २.५ लाख रुपयांचं अर्थसाहाय्य आहे, पण घराचं चटई क्षेत्र (कार्पेट एरिया) ३० ते ४५ चौरस मीटरमध्ये बसायला हवं. ३०च्या प्लॉटवर ते एका मजल्यात बसत नाही आणि दुसरा मजला चढवायला हातात पैसे नसतात. ४० ते ५०च्या दरम्यान राहा.

तपासणी: नकाशावर दोरा ठेवून सगळ्यात लांबच्या छोट्या प्लॉटपासून बागेच्या फाटकापर्यंतचं अंतर मोजा. मध्ये मोठा रस्ता ओलांडावा लागतो का तेही बघा. सात वर्षांचं पोर एकटं जाऊ शकेल, इतकं ते सोपं हवं.

टप्पा ३: बागेचा मासिक खर्च आधी काढा

आता आकडेमोड, आणि इथे थोडं थांबून वाचा. लोक विचारतात, ‘बाग करायला किती लागतील?’ विचारायचं असतं ते असं: ‘बाग चालवायला दर महिन्याला किती लागतील, आणि ४५ मीटरवाला त्यातले किती देईल?’ उत्तरापासून उलटं मागे या, म्हणजे बागेचा आराखडा आपोआप ठरतो.

समजा जमीन बरोबर एक हेक्टर आहे, म्हणजे साधारण अडीच एकर. आराखड्यातला रस्ता नाही, आरक्षण नाही. सोयीसाठी छोट्या प्लॉटचे २० टक्के पूर्ण जमिनीवर ढोबळपणे धरू. दर आणि पगार नमुन्याचे आहेत, तुमच्याकडचे टाकून बघा.

- ओपन स्पेस: १,००० चौरस मीटर
- रस्ते: २,७००
- छोटे प्लॉट, ४५ चौरस मीटरचे ४४: १,९८०
- मोठे प्लॉट, १४० चौरस मीटरचे ३०: ४,२००
- ट्रान्सफॉर्मर, पंपघर वगैरे: १२०

विकायची जागा ६,१८० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ६६,५०० चौरस फूट.

पहिली बाग थाटाची: कमान, कारंजं, ७०० चौरस मीटर लॉन, पाम, दिव्यांचे खांब. खर्च समजा ४५ लाख. चौरस फुटाला ६८ रुपये पडले, म्हणजे छोट्या प्लॉटवर सुमारे ३३ हजार. दुसरी बाग साधी: चांगली माती, पंचवीस-तीस झाडं, चालायची वाट, मुलांसाठी मोकळं मैदान, १०० चौरस मीटर हिरवळ, बाकं, पाण्याची टाकी. समजा १४ लाख. चौरस फुटाला २१ रुपये, छोट्या प्लॉटवर सुमारे १० हजार.

तेवीस हजारांचा फरक. कर्ज काढून घेणाऱ्याला तो जड जातो, पण एकदाच. खरी कात्री महिन्याला लागते.

नागपूरच्या मेमध्ये लॉनला दर चौरस मीटरला दिवसाला सात लिटर पाणी धरा. ७०० चौरस मीटरला ४,९०० लिटर, म्हणजे ५,००० लिटरचा एक टँकर, रोज. फेब्रुवारीच्या शेवटापासून जूनच्या पावसापर्यंत १२० दिवस, टँकर ९०० रुपयांना, म्हणजे १,०८,००० रुपये. वर्षावर पसरले तर महिना ९,००० फक्त पाण्याचे. त्यात दोन माळी २६,०००, कारंजं आणि दिव्यांची वीज ५,०००, दुरुस्ती ४,०००. महिना ४४,०००.

साध्या बागेत एक माळी १३,०००, पाणी १,६००, वीज १,०००, दुरुस्ती आणि रोपं १,४००. महिना १७,०००. तीस झाडांना उन्हाळ्यात प्रत्येकी २० लिटर, आठवड्यातून दोनदा दिलं तरी आठवड्याला १,२०० लिटरच लागतात. थाटाच्या बागेतल्या लॉनला तेवढं सहा तासांत लागतं.

आता वाटणी. दर प्लॉटला सारखे पैसे लावले तर थाटाच्या बागेचे ५९५ रुपये महिना, मग प्लॉट ४५चा असो की १४०चा. क्षेत्रफळाप्रमाणे लावले तर छोट्याला ३२०, मोठ्याला ९९७. साध्या बागेत क्षेत्रफळाप्रमाणे छोट्याला १२४, मोठ्याला ३८५. ‘सगळ्यांना सारखं’ ऐकायला न्यायाचं वाटतं, पण त्यात भरडला जातो तो छोटाच. करारनाम्यात वाटणी क्षेत्रफळाप्रमाणेच लिहा.

हे सगळं कागदावरचं, कारण ७४ पैकी ७४ जण पैसे देतायत असं यात धरलं आहे. नागपूरकडच्या लेआउटमध्ये प्लॉट गुंतवणूक म्हणून पडून राहतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. पहिल्या तीन वर्षांत पंधरा घरं झाली तरी खूप. जे तिथे राहत नाहीत ते महिन्याला पैसे देत नाहीत, फोनही उचलत नाहीत. १५ घरांवर ४४,००० टाका: घरटी जवळपास २,९३०. बाग मरते ती इथे. माळ्याचा पगार दोन महिने थकतो, तो काम सोडतो आणि एप्रिलमध्ये पाणी बंद होतं.

म्हणून साधी बाग, आणि तिचा पहिल्या ३६ महिन्यांचा खर्च विक्रीच्या वेळीच वेगळा जमा. १७,००० गुणिले ३६ म्हणजे ६,१२,०००. चौरस फुटाला ९ रुपये २० पैसे. छोट्या प्लॉटला साधारण ४,४५० आणि मोठ्याला १३,९०० रुपये, एकदाच. ही रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा, रस्त्याच्या डांबराला लावू नका.

आणि मघाचा ‘गार्डन फेसिंग’चा वाद. बागेसमोरच्या आठ मोठ्या प्लॉटना चौरस फुटाला १०० रुपये जास्त मिळत असतील तर एकूण सुमारे १२ लाख. त्यातल्या चार प्लॉटची जागा छोट्या गल्ल्यांना दिली तर ६ लाख गेले. कमान-कारंजं सोडून ३१ लाख वाचवलेत, ते धरून बोला.

सावधान: साधी बाग म्हणजे कमी झाडांची बाग नव्हे. काटकसर दगड-सिमेंटमध्ये करायची, मातीत आणि झाडांत नाही.

टप्पा ४: पैसे कुठे घालायचे, कुठे नाही

आधी माती. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, म्हणून तिच्यावर नुसती वाळू पसरून बसवलेले पेव्हर दुसऱ्या वर्षी वरखाली होतात. चालायच्या वाटेखालची काळी माती काढून मुरूम भरून दाबा. काढलेली माती फेकू नका, झाडांच्या खड्ड्यांत लागते.

पाणी मुरवायचं तर शोषखड्डा काळ्या थराच्या खाली मुरमापर्यंत न्या. काळ्या मातीतच थांबलेला खड्डा पावसाळाभर नुसता भरलेला राहतो. नागपुरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. १,००० चौरस मीटर बागेवर तो दहा लाख लिटर होतो. निम्मा जरी जमिनीत उतरला तरी विहिरीला कळतं.

झाडं इथली लावा. सावलीला कडुनिंब, करंज, जांभूळ. सखल बाजूला अर्जुन. कडेला बेल, कवठ, आवळा, सीताफळ. रंगाला बहावा, पळस. बाकांच्या पश्चिमेला दाट सावलीचं झाड हवं, कारण लोक बसायला येतात ते साडेपाचच्या उन्हात. कोनोकार्पस फुकट मिळाला तरी घेऊ नका, गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे. रॉयल पाम सावली देत नाही, फक्त जाहिरातीतल्या फोटोला शोभतो.

बाकांची एक गोष्ट. एका लेआउटमध्ये पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटची देखणी बाकं बसवली होती. एप्रिलमध्ये संध्याकाळी सहाला गेलो, हात ठेवला तर चटका बसला. तिथली म्हातारी मंडळी बागेच्या बाहेर, कडुनिंबाखाली, नालीसाठी आणून टाकलेल्या सिमेंटच्या पाइपवर बसली होती. एकाने पाइपवर गोणपाट अंथरलं होतं. बागेचं फाटक उघडंच होतं, आत कुणी नव्हतं.

टप्पा ५: मंजुरी, नोंदणी आणि जाहिरात

क्रम असा: लेआउटचा नकाशा, विकास परवानगी, महारेरा (राज्याचं रेरा प्राधिकरण) नोंदणी, मग जाहिरात. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरचे प्लॉट विकायचे तर नोंदणी आधी लागते. खरेदीदारांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, आणि ते जमीन आणि विकासाच्या कामालाच वापरता येतात.

ब्रोशरमध्ये जे छापाल ते तुमच्या अंगावर आहे. रेरा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्याला नुकसानभरपाई मागता येते. कारंजं करायचं नसेल तर चित्रातही काढू नका. ‘निसर्गरम्य’ म्हणण्याऐवजी झाडांची संख्या आणि जाती छापा. विक्रीला तेही चालतं.

करारनाम्यात तीन ओळी पाहिजेतच. ओपन स्पेसमध्ये प्रत्येक प्लॉटधारकाचा अविभाज्य हक्क आहे. तिच्यावर मंजूर नकाशाबाहेरचं कोणतंही बांधकाम होणार नाही, देऊळ किंवा समाजमंदिरसुद्धा. आणि देखभालीची वाटणी क्षेत्रफळाप्रमाणे. दुसरी ओळ लिहायला लोक कचरतात. पण पुढे तोडकाम पथक आलं की ‘तेव्हा कुणीच बोललं नाही’ हेच ऐकू येतं.

टप्पा ६: जागेवरची कामं, याच क्रमाने

१. मोजणीचे दगड रोवा, ओपन स्पेसला तारेचं कुंपण घाला. हे सगळ्यात आधी, नाहीतर खडी, गिट्टी आणि मजुरांच्या झोपड्या तिथेच येतात आणि माती दगडासारखी दबते.

२. नाल्या आणि रस्त्याखालचे पाइप. बागेला पाण्याचा पाइप याच वेळी टाका. रस्ता झाल्यावर खोदायला पुन्हा पैसे लागतात.

३. एप्रिल-मेमध्ये झाडांचे खड्डे, तीन बाय तीन बाय तीन फूट. महिनाभर उन्हात उघडे राहू द्या, मग माती, कुजलेलं शेणखत आणि निंबोळी पेंड घालून भरा.

४. लागवड पहिल्या चांगल्या पावसानंतर, जूनअखेर ते जुलै. ही चूक मी स्वतः केली आहे. अक्षय तृतीयेला बुकिंग उघडायचं म्हणून एका बिल्डरच्या आग्रहाखातर एप्रिलमध्ये ऐंशी रोपं लावली, जूनपर्यंत अकरा उरली. पुन्हा खड्डे, पुन्हा रोपं, पुन्हा पैसे.

५. रोप किमान पाच-सहा फुटांचं, सोबत काठी आणि कुंपण. बकऱ्या एका दुपारीत रांग साफ करतात. बुंध्याशी सोयाबीनचं कुटार पसरा, ओल टिकते. मात्र खोडाला चिकटवू नका, वाळवी लागते.

६. वाट, बाकं, खेळणी आणि दिवे शेवटी, म्हणजे ट्रकची ये-जा थांबल्यावर.

तपासणी: दिवाळीनंतर रोपं मोजा. मेलेली तेव्हाच बदला आणि उन्हाळ्याचं पाणी जानेवारीतच ठरवून टाका. मार्चमध्ये टँकरवाला तुमच्या भावाने येत नाही.

टप्पा ७: संस्थेकडे सोपवणं

बहुसंख्य प्लॉट बुक झाल्यापासून तीन महिन्यांत प्लॉटधारकांची संस्था करून द्यायची असते. ‘सगळे विकले जाऊ देत’ म्हणून थांबू नका. समितीत छोट्या प्लॉटचे लोक किमान अर्धे असू द्या. या उदाहरणात ४४ विरुद्ध ३० आहेत, तरी सभेत बोलतात ते मोठेच. म्हणून सभा रविवारी सकाळी ठेवा. ज्यांची रोजंदारी किंवा दुकान आहे, त्यांना तेव्हाच येता येतं.

सोपवताना एक पिशवी द्या: मंजूर नकाशाची प्रत, झाडांची क्रमांकवार यादी, पाइप कुठून गेलेत त्याचा हाताने काढलेला नकाशा, देखभाल खात्याचं पासबुक, माळ्याचा आणि टँकरवाल्याचा नंबर, बोअरच्या पॅनलची किल्ली. ती ज्याच्या हातात द्याल तो माणूस लेआउटमध्ये घर बांधून राहणारा असावा, नुसता प्लॉट घेऊन ठेवलेला नव्हे.